काकूंच्या कादंबरीतली मुलगी

काकूंच्या शेवटच्या कादंबरीवर वाचक अजून चिडलेले आहेत. मोबाइलवरच्या एका मराठी वाचनाच्या ॲपवर ती दर गुरुवारी एकेक प्रकरण अशी येत असे. शेवटच्या प्रकरणाखाली आजही कुणी ना कुणी लिहून जातं की ताई, असाच शेवट करायचा होता तर आम्हाला इतके महिने झुलवलं कशाला. काकूंनी एकालाही उत्तर दिलेलं नाही. त्या शेवटामागचं कारण मला माहीत आहे, कारण तेव्हा मी नेदरलँड्समध्ये, नायमेखनला त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. त्यांचं नाव मात्र इथं लिहिणार नाही. त्या टोपणनावानं लिहायच्या. खरं नाव बाहेर आलं तर झूटरमेरला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला ऑफिसात तोंड दाखवता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी बार्शीची. वडिलांची रसवंती आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. गोष्टींची पुस्तकं वाचायची मला सवय नव्हती. आमच्याकडं पुस्तक म्हणजे परीक्षेचं, परीक्षा झाली की ते पुढच्या मुलाला. त्यामुळं काकू काय लिहितात ते त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, म्हणजे आजच्या काळातला एक माणूस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाऊन पडतो आणि तिथल्या मुलीच्या प्रेमात पडतो, तेव्हा मी सरळ म्हणाले, "काकू, हे रिकामपणाचे उद्योग आहेत."

त्या खूश झाल्या. "तुला पटलं तर जगाला पटेल. आजपासून पहिली वाचक तू."

खोली बघायला आले त्या दिवशीच मला त्यांचा अंदाज यायला हवा होता. भाड्याच्या खोल्यांसाठी मी तोवर बऱ्याच मुलाखती दिल्या होत्या. सगळे विचारायचे की सिगारेट ओढतेस का, स्वयंपाकाचा वास फार येतो का. काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तुला शिंक दाबता येते का?"

मी येते म्हणाले. खोली मिळाली.

शिंकेचं पुढं असं झालं. इथल्या घरांना जमिनीखाली एक बुटकी पोकळी असते, पाइप वगैरे दुरुस्त करायला. पुढच्या दाराजवळच्या पायपुसण्याखाली तिचं लाकडी झाकण असतं. युद्धात लोक अशा जागांत लपून राहिले. काकूंच्या नायकालाही लपायचं होतं, आणि काकूंचा नियम असा की स्वतः करून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. त्यांचे गुडघे दुखत असल्यामुळं करून पाहायला मी. एका रविवारी मी त्या पोकळीत ओल्या वाळूवर पालथी पडले होते आणि काकू वर जर्मन शिपाई होऊन व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होत्या. मध्येच तो बंद करून ओरडायच्या, "आता शिंक." मी शिंकले की म्हणायच्या, "ऐकू आली. मेलास तू." मग परत. शेवटी मी नाक दाबून शिंकायला शिकले आणि नायक वाचला.

ट्युलिपच्या कांद्यांचंही तसंच. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात तिकडं पश्चिमेला लोकांनी भुकेपोटी ते उकडून खाल्ले होते. काकूंनी मधला पिवळा कोंब काढून त्यांची गोडा मसाला घालून भाजी केली. मसाला कशाला, तेव्हा कुठं मसाला होता, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, "नायक सांगलीचा आहे. त्याच्या डोक्यात मसाला असणारच." चव काही सांगण्यासारखी नव्हती. दोन दिवस आमची पोटं बिघडली. डॉक्टरीण बाईंनी काय खाल्लं म्हणून विचारलं, तर काकूंनी मान ताठ ठेवून खरं ते सांगितलं. बाईंनी ते कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि भरपूर पाणी प्या म्हणाल्या.

दुसऱ्यांच्या असल्या कादंबऱ्यांवर काकूंचा राग होता. त्यांतले नायक भूतकाळात जातात आणि लगेच चांदण्यात फिरायला लागतात. "मागच्या काळात गेल्यावर पहिली अडचण प्रेमाची नसते, बाई," त्या म्हणायच्या. "पाव कूपनवर मिळायचा. कूपन कुठून आणणार?" हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं होतं की माझ्यावरही यायचं. आइंडहोवनच्या कंपनीत मुलाखतीला चालले होते, मोठमोठी स्वप्नं सांगत होते, तर पोळी उलटता उलटता म्हणाल्या, "ते ठीक. कूपन?" म्हणजे व्हिसाचं काय.

त्यांचा नायक आइंडहोवनला चिपच्या कंपनीत इंजिनिअर आणि राहायला जवळच्याच न्यूनेन गावात. न्यूनेनच का, तर तिथं संध्याकाळी कुत्रं भुंकलं तरी बातमी होईल, आणि अशा ठिकाणी राहणारा माणूसच युद्धात जायला तयार होईल. आज नोकरीमुळं मी स्वतः न्यूनेनला राहते. त्यांचं बरोबर होतं. नायक नायमेखनला येतो, स्टेशनजवळच्या सायकलींच्या बोगद्यात शिरतो आणि पलीकडं युद्धाच्या काळात बाहेर पडतो. पडतो न पडतो तोच जर्मन शिपाई त्याची सायकल काढून घेतो. सावळा माणूस तिथं कसा खपणार हा प्रश्न काकूंनी आधीच सोडवला होता. लोक त्याला डच वसाहतीतून, जावाबिवाकडून आलेला समजतात. राहिली भाषा. नायकाचं डच नागरिकत्वाच्या परीक्षेपुरतं, म्हणजे माझ्याइतकंच. मी त्या वर्गाला जात होते आणि माझं पुस्तक काकू रोज चाळायच्या. त्यात जेवढी वाक्यं तेवढ्यातच नायकानं प्रेम करायचं. त्यामुळं तो त्या मुलीला पुलावर उभा राहून म्हणतो, "आज वारा आहे. तुमच्या घरी किती माणसं आहेत? मला पाव आवडतो." आणि ती त्याच्या प्रेमात पडते. हे मला आधी हास्यास्पद वाटलं होतं. नंतर वाटेनासं झालं.

आता ती मुलगी. काकूंनी ती मनानं रचली होती असंच मी धरून चालले होते. लोकरीच्या दुकानात काम करणारी, सतराची, हसताना तोंडावर हात न धरणारी. तिच्या हातमोज्याचं एक बोट वेगळ्या रंगाचं, कारण लोकर संपली. नायकाला तिच्याबद्दल एक गोष्ट माहीत असते जी तिला माहीत नाही. एका दुपारी सायरन थांबेल, सगळे निर्धास्त होऊन बाहेर येतील, आणि तेवढ्यात विमानं येऊन गावाचा मधला भाग पाडून टाकतील. विमानं शत्रूचीही नसतील. जर्मनीतलं गाव समजून दोस्त राष्ट्रांनीच टाकलेले बॉम्ब. हे खरंच घडलेलं आहे, नायमेखनमध्ये कुणालाही विचारा.

शेजारी, भिंतीला भिंत लागून, एक आजोबा एकटे राहत होते. काकू त्यांना 'बूरमन' म्हणायच्या आणि ते काकूंना 'बूरव्राउ', म्हणजे शेजारी आणि शेजारीण. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना नावानं हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. पण काकूंचे यजमान गेले तेव्हापासून रोज सकाळची कॉफी दोघं एकत्र प्यायचे. मुलगा झूटरमेरला, नातवाला मराठी समजतं पण तो उत्तर डचमध्ये देतो, पुण्यातली बहीण फोनवर नुसती दुखणी सांगते. काकूंचं म्हणावं असं बोलणं व्हायचं ते या आजोबांशी. ते फार कमी बोलत, आणि जे बोलत त्यात त्यांची बहीण येई. ते पाच वर्षांचे असताना ती लोकरीच्या दुकानात कामाला गेली आणि त्या दुपारनंतर परत आली नाही. तिचं काही सापडलंही नाही. काकूंनी त्यातलं सगळं उचललं होतं, हातमोज्याच्या बोटासकट, वाढदिवसाच्या तारखेसकट. फक्त नाव बदललं होतं. बूरव्राउ त्यांच्या भाषेत काहीतरी लिहितात, एवढंच आजोबांना ठाऊक होतं.

इथल्या घरांत संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं, बसल्या बसल्या कुणाचा वाढदिवस आला ते दिसावं म्हणून. काकूंच्या कॅलेंडरवर नातवाच्या शेजारी कादंबऱ्यांतली माणसंही होती. त्यांच्या वाढदिवसाला त्या शिरा करायच्या आणि मला वाटी भरून द्यायच्या. मी कुणाचा म्हणून विचारायचे, खायचे, विषय संपायचा.

त्या नोव्हेंबरात लोकरीच्या दुकानातल्या मुलीचा वाढदिवस आला. आदल्याच दिवशी काकूंनी पुढचं प्रकरण लिहून संपवलं होतं. नायक सायरन थांबायच्या आधी दुकानात शिरतो, तिचा हात धरतो, बोगद्यातून पळत सुटतो आणि ती आजच्या काळात, न्यूनेनच्या स्वयंपाकघरात जिवंत उभी असते. ते लिहून झाल्यावर काकू इतक्या आनंदात होत्या की घरभर गात फिरत होत्या. शिरा केला, केशर घातलं, आणि वाटी मला न देता ताट झाकून शेजारच्या दाराशी गेल्या. मी सायकल काढत होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

इथली रीत अशी की वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्या घराचं करायचं. आईचं, भावाचं, समोर येईल त्याचं. आपल्याकडं गेलेल्या माणसाचा वाढदिवस कुणी करत नाही. इथंही असं कुणी करत नाही. पण काकूंच्या डोक्यात ती मुलगी कालपासून जिवंत होती. आजोबांनी दार उघडलं आणि काकू हसून म्हणाल्या, "तुमच्या बहिणीबद्दल अभिनंदन."

आजोबांच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला विसरता येत नाही. त्यांनी चौकट धरली आणि विचारलं, "कुठं सापडली?"

काकूंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसे त्यांचे हात खाली आले. त्या भराभर सांगायला लागल्या की तसं नाही, मी एक गोष्ट लिहिते आहे, तिच्यात ती, म्हणजे तिच्यासारखी. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं नाही. दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

दुसऱ्या दिवसापासून कॉफी बंद झाली. काकू रोज दोन कप काढायच्या आणि एक परत ठेवायच्या. ते प्रकरण त्यांनी ॲपवर टाकलंच नाही. गुरुवार कोरे जायला लागले. वाचक विचारत होते, ताई आजारी आहेत का. मला सांत्वन करता येत नाही, मी जे वाटलं ते म्हणाले की, काकू, तुम्ही त्या माणसाच्या दारात जाऊन त्याला क्षणभर बहीण दिली आणि काढून घेतली, आता आणखी काही करायला जाऊ नका. त्यांनी मान हलवली. एरवी त्यांनी माझं मराठी तरी सुधारलं असतं.

सायकलीपाशीच पुढं एकदा आजोबांनी मला थांबवलं. बूरव्राउंना मंगळवारी सकाळी वेळ आहे का, विचारून सांग, म्हणाले. भिंतीपलीकडच्या माणसानं भेटीची वेळ मागायची म्हणजे काय, हे काकूंना बरोबर कळलं. मंगळवारी त्यांनी टेबल दोनदा पुसलं.

ते आले आणि कोट न काढता बसले. म्हणाले, "तुम्ही तिचं काय केलंत ते मला सांगा."

काकूंनी सगळं सांगितलं. बोगदा, काढून घेतलेली सायकल, जमिनीखालची पोकळी, पुलावरचं पाव आवडण्याचं बोलणं. तिथं आजोबांच्या तोंडावर थोडं हसू आलं, तेव्हा मला वाटलं की आता निभावलं. मग काकूंनी ते न छापलेलं प्रकरण सांगितलं. ती वाचली, बोगद्यातून पलीकडं आली, न्यूनेनच्या स्वयंपाकघरात आहे.

"आणि संध्याकाळी?" आजोबांनी विचारलं.

काकूंना प्रश्नच कळला नाही. "कुठल्या संध्याकाळी?"

"त्याच दिवशीच्या. ती न्यूनेनला गेली. आमच्या घरी संध्याकाळी काय झालं?"

काकूंनी कॉफीचा कप त्यांच्याकडं सरकवला.

"मी खिडकीत बसलो होतो," आजोबा म्हणाले. "तुमच्या गोष्टीतही मी खिडकीतच बसलोय. त्या माणसाला ती मिळाली. आमच्यासाठी तुम्ही काही बदललं नाही." कॉफीला हात न लावता ते उठले.

ते गेल्यावर काकू म्हणाल्या, तिला घरी पाठवायला हवं. मी नायकाची बाजू घेतली. मला तोवर त्या दोघांचा लळा लागला होता, हे कबूल करते. म्हणाले, काकू, त्या बिचाऱ्यानं इतकं करून तिला आणलं, आता तुम्ही तोडणार का त्यांना? ती घरी गेली की तिचं वय तिथून वाढत जाणार. तो इकडं आला की ती नव्वदीच्या पुढची असणार, किंवा नसणारच. बोगद्याचा नियम तुमचाच आहे, एकदा ती तिच्या घरी पोचली की परत रस्ता नाही. मग ही प्रेमकथा कसली?

काकू भाजी निवडत होत्या. मग म्हणाल्या, "मी लग्न करून विमानात बसले तेव्हा बाविशीची होते. इकडं आल्यावर काय काय झालं ते मी किती तऱ्हांनी लिहिलंय. पहिला बर्फ, पहिली सायकल, यांचं ते गाडी चालवताना गाणं म्हणणं. आई त्या दिवशी विमानतळावरून घरी जाऊन काय करत बसली असेल, ते मला एकदाही लिहावंसं वाटलं नाही."

मी वर जाऊन बार्शीला फोन लावला. वडील रसवंतीवर होते, मागं चरकाचा घरघराट होता. काय विशेष म्हणाले, मी काही नाही म्हणाले.

नवीन शेवट लिहायला काकूंना बरेच दिवस लागले. एरवी लिहिताना त्या मोठ्यानं संवाद म्हणून बघायच्या, या वेळी आवाज नव्हता. लिहून झाल्यावर त्यांनी मला दाखवलं नाही. पहिली वाचक मी होते, पण ते मला मनातून पटलं. भिंतीवर टकटक करून नाही, फोन करून नाही, त्या स्वतः जाऊन आजोबांना विचारून आल्या, ऐकाल का म्हणून. आजोबा म्हणाले, ऐकेन, आवडलं नाही तर छापायचं नाही. काकूंनी कबूल केलं. वर्षभराची कादंबरी त्यांनी त्या एका शब्दावर ठेवली होती.

ते आले तेव्हा दुपार होती, बाहेर पाऊस आणि वारा. काकूंनी लॅपटॉप उघडला आणि मराठीतलं एकेक वाक्य मनात वाचून डचमध्ये सांगायला लागल्या. नायक मुलीला दुकानातून बाहेर काढतो. बोगद्याच्या तोंडाशी येतात. पलीकडं उजेड आहे, आजचा. तो तिचा हात सोडतो. त्याला येतं तेवढ्या डचमध्ये म्हणतो, "तुमच्या घरी माणसं आहेत. तुम्ही घरी जा." ती जाते. पुढं नायक नाहीच. धुरातून, फुटलेल्या काचांतून, दूरच्या वाटेनं फिरून ती मुलगी चालत राहते. अंधार पडता पडता ती आपल्या गल्लीत येते. खिडकीत लहान भाऊ बसलेला आहे. ती पुढच्या दाराशी येऊन कडी वाजवते.

"नाही," आजोबा म्हणाले.

काकू थांबल्या. त्या लॅपटॉप मिटायला लागल्या. मलाही वाटलं, संपलं.

"पुढच्या दाराशी नाही," आजोबा म्हणाले. "पुढच्या दारानं पाद्री यायचे आणि डॉक्टर. घरची माणसं मागून. मागचं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं. ती कडी वाजवणार नाही."

काकूंनी ते वाक्य खोडलं, नवीन लिहिलं आणि परत सांगितलं. गल्लीच्या कडेनं वळसा घालून ती मागच्या अंगणात येते. दार ढकलते. स्वयंपाकघरात आई चुलीपाशी आहे. भाऊ खिडकीतून उतरून धावत येतो. मुलगी म्हणते, "मी आले."

आजोबांनी परत नाही अशी मान हलवली, पण रागानं नाही. एखाद्याला पत्ता सांगताना आपण आठवतो तसे ते आठवत होते. दाराशी घरातल्यांचे लाकडी बूट ओळीनं असायचे, ते म्हणाले, आणि बहीण आत आल्या आल्या आधी तिकडं बघायची.

"ती म्हणेल, माझे बूट कुणी घातले?"

काकूंनी लिहिलं. आजोबा स्क्रीनकडं बघत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग खुर्चीत थोडे मागं झाले, हात मांडीवर ठेवले आणि टेबलाच्या पलीकडं, जिथं कुणी नव्हतं, तिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "मी घातले होते."